शाळा आणि पाणी एकाच दप्तरात

अमळनेरच्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका सातवीच्या मुलांकडून गावाचा इतिहास लिहून घेणार आहेत. इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या शहरांत शाळा आणि सार्वजनिक स्नानगृहं बरोबरीने उभी राहिली, असं त्यांच्या वाचनात आलं. आपल्या खानदेशच्या मिलगावांत तसं काही होतं का, आणि असेल तर शोध कुठून सुरू करायचा, असं त्या विचारतात.

ताई, थेट उत्तर आधी देतो. बाहेर ‘स्नानगृह’ अशी पाटी, खिडकीवर तिकीट, आत फरशीचा मोठा हौद, अशी इंग्लंडच्या धर्तीची इमारत मला खानदेशातल्या एकाही मिलगावाच्या कागदांत भेटलेली नाही, आणि तीस वर्षं मी हेच कागद चाळत आलो आहे. आधी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात नोकरी म्हणून, निवृत्तीनंतर स्वतःच्या ओढीने. सार्वजनिक अंघोळ मात्र जागोजागी भेटते. नदीच्या घाटावर, बारवेत, नळकोंडाळ्यावर, मिलच्या मागच्या गरम पाण्याच्या नालीवर. म्हणून इमारतीच्या मागे न लागता पाण्याच्या मागे लागा. पाण्याच्या मागे लागलात की वाटेत शाळा येतेच. नगरपालिकेत दोन्हींचा खर्च एकाच अंदाजपत्रकात असायचा, दोन्हींचे ठराव एकाच प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या वहीत, आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं हा तंटाही दोन्हीकडे एकच होता.

इंग्लंडबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. १८३२च्या पटकीच्या साथीत लिव्हरपूलमध्ये किटी विल्किन्सन नावाच्या कष्टकरी बाईने आपल्या घरचा पाणी तापवायचा बंब शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठी मोकळा करून दिला. त्या कामातून पुढे १८४२ मध्ये तिथल्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुणीघर सुरू झालं. १८४६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून नगरपालिकांना कराच्या पैशातून अशी घरं बांधायची मुभा दिली. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथे स्कूल बोर्डावर निवडून गेलेल्या मार्गारेट मॅकमिलन यांनी मळलेल्या अंगाने शाळेत येणाऱ्या गिरणी कामगारांच्या मुलांसाठी हट्ट धरला, आणि १८९७ मध्ये वॉपिंग रोडच्या शाळेत मुलांच्या अंघोळीची आणि पोहण्याची सोय झाली. शाळा आणि स्नानगृह एकाच आवारात, ते हे उदाहरण.

मँचेस्टरचं १९०६चं व्हिक्टोरिया बाथ्स मात्र मुलांना जरा सावकाश सांगा. त्या इमारतीला तीन वेगळे दरवाजे आहेत: पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि बायका. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या हौदात जायचं. तिथे वापरून झालं की दुसऱ्या वर्गाच्या, आणि सगळ्यांत शेवटी बायकांच्या. पाण्याची पाळी कोणाच्या नंतर कोणाची, यात त्या शहराची सगळी मांडणी दिसते. तिकडे ती वर्गाने आणि बाई-पुरुष भेदाने ठरली. आपल्याकडे त्यात जात होती, आणि जातीच्या खालच्या टोकाला असलेल्याला शेवटचं पाणीसुद्धा मिळत नव्हतं. खानदेशच्या पाणवठ्यांचा इतिहास लिहिताना मी हा प्रश्न कधी नजरेआड होऊ देत नाही. तुम्हीही देऊ नका.

१९०६ हे साल आपल्याकडेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले: पूर्व खानदेशचं ठाणं जळगावला, पश्चिम खानदेशचं धुळ्याला. कागद शोधताना याचा फार उपयोग होतो. १९०६ च्या आधीचं जळगावचं किंवा अमळनेरचं जिल्हा पातळीवरचं काही हवं असेल तर ते धुळ्याच्या नावाने नोंदलेलं असतं. नवखा माणूस इथेच चकतो आणि कागद नाहीतच असं समजून परत जातो.

मिलगाव म्हणजे कोणती गावं, तेही सांगतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. कापसातली सरकी काढायचे जिन आणि गासड्या बांधायचे प्रेस उभे राहिले, आणि १८७०च्या दशकात जळगावला मुळजी जेठा यांची खानदेश मिल सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुमच्या अमळनेरात मोतीलाल माणेकचंद, म्हणजे प्रताप शेठ, यांची प्रताप मिल आली. धुळ्याला न्यू प्रताप, चाळीसगावला लक्ष्मीनारायण. भुसावळला मिल नव्हती, पण रेल्वेचं लोको शेड होतं आणि त्या गावाचा सगळा दिनक्रम मिलगावासारखाच होता. भुसावळचे कागद मात्र नगरपालिकेत कमी सापडतील. रेल्वेने आपल्या वसाहतीत पाणी आपलं आणलं, शाळा आपली चालवली, त्यामुळे नोंदीही रेल्वेच्याच कपाटात राहिल्या.

आता पाण्याकडे वळतो. अमळनेरला बोरी, धुळ्याला पांझरा, चाळीसगावला तितूर. गावातली बहुतेक माणसं नदीवरच अंग धुवायची. पांझरेवर बंधारे घालून पाट काढायची आणि शेताचे फड करून पाळीपाळीने भिजवायची आपली जुनी फड पद्धत आहे. त्या पाटांवरही धुणं-अंघोळ चालायची. अमळनेरला बोरीच्या पात्राशी सखाराम महाराजांची समाधी आहे. वैशाखातल्या यात्रेला लोटणारी माणसं आधी नदीत उतरायची आणि मग दर्शनाला जायची. यात्रा, घाट आणि पाणी यांचे कागद शोधाल तर नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात शोधा, धर्मादायच्या फायलीत नाही. यात्रेच्या दिवसांत पटकीची धास्ती असायची आणि पाण्यावर पहारा, विहिरीत औषध टाकणं, जादा झाडूवाले हे सगळे खर्च आरोग्याच्या शीर्षाखाली पडत.

गरम पाण्याची अंघोळ ही आपल्याकडे घरच्या बंबाची, नाहीतर देवाची. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा गोमुखातून पडतो. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा तिथे सांगतात. त्वचेच्या विकाराची माणसं बैलगाड्या करून तिथे जायची. सार्वजनिक स्नानगृहाच्या सगळ्यांत जवळ जाणारी जुनी जागा खानदेशात कोणती, असं मुलांनी विचारलं तर मी तीच सांगेन.

पण मिलगावाची स्वतःची गरम पाण्याची जागा वेगळी होती आणि तिच्याबद्दल कोणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून इथे जरा थांबतो. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या मिलमध्ये इंजिनातून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड पाण्याने पुन्हा पाणी करतात. त्यात थंड पाणी चांगलं कोमट होऊन बाहेर येतं. ते मोठ्या उघड्या हौदात सोडून निववतात आणि पुन्हा आत घेतात. म्हणूनच प्रत्येक जुन्या मिलच्या नकाशात एक मोठा हौद किंवा तळं दिसतं. नव्वदीला टेकलेल्या एका आजोबांनी, कार्डिंग खात्यात उभा जन्म काढलेल्या, मला त्यांच्या मिलच्या मागच्या भिंतीतलं एक भोक नेऊन दाखवलं. विटेच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी पाइपाचं तोंड, खाली दगडी फरशी, आणि ती फरशी मधोमध चांगली बोटभर खोल झिजलेली. ‘इथे बसायचो,’ म्हणाले. रातपाळी सुटली की डोक्याच्या केसांपासून पापण्यांपर्यंत कापसाची फूस बसलेली असायची. घरी तसं गेलं तर घरातली तान्ही मुलं खोकायची. म्हणून भोंगा झाला की खातंच्या खातं आधी त्या नालीवर. थंडीत वाफ निघायची आणि पलीकडचा माणूस दिसायचा नाही. त्यांनी एक वाक्य आणखी सांगितलं: ‘ऊन पाणी आमच्या घरात नव्हतं, मिलमध्ये होतं.’ सरपण विकत घ्यायला लागायचं, आणि रोज बंबभर पाणी तापवणं चाळीतल्या संसाराला परवडायचं नाही. मिलचं वाया जाणारं पाणी हे त्या माणसांचं स्नानगृह होतं. त्या फरशीचा फोटो मी काढला आहे. पुढच्या वर्षी भिंत पडली.

बायका त्या नालीवर नव्हत्या, हे मी विचारल्यावर आजोबांनी सांगितलं. रिळं आणि वाइंडिंग खात्यातल्या बायका पहाटे अंधारात नदीवर जाऊन यायच्या किंवा घरच्या मोरीत तांब्याभर पाण्यात आटपायच्या. नोंदी शोधताना हे विसरलं जातं: पुरुषांची अंघोळ उघड्यावर होती म्हणून ती आठवणीत राहिली, बायकांची झाकलेली होती म्हणून ती विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्या मुलींना आजींकडे पाठवा. मुलग्यांना ही उत्तरं मिळायची नाहीत.

बारवेचा विषय शाळेत शिकवायला फार चांगला आहे, कारण त्यात विज्ञानही येतं. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस खाली उतरून पाण्यात पाय घालून बसायचा, अंग धुवायचा, आणि त्याच पाण्याचा हंडा भरून घरी न्यायचा. नारूचा रोग याच वाटेने पसरला. पायावर फोड यायचा, पाण्यात पाय घातला की त्यातून जंत बाहेर येऊन पिल्लं सोडायचा, ती पाण्यातल्या बारीक किड्यांत शिरायची, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात वर्षभराने नवा जंत तयार. घोटभर पाणीसुद्धा गाळूनच प्यायचं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं, कारण त्यांनी नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढलेला पाहिला होता. म्हणून बारवांच्या पायऱ्या बुजवून, वर कठडा बांधून रहाट बसवायची मोहीम झाली. जुनी बारव बंद का केली असं गावात विचारलं तर कोणी भूत सांगेल, कोणी भाऊबंदकी; बऱ्याच ठिकाणी कारण नारू असतं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तुमच्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनी हा रोग डोळ्यांनी पाहिलेला आहे. तो माणूस घरात असताना पुस्तक उघडायची गरज नाही.

नळ आला तेव्हा काय झालं? जळगावला मेहरूण तलावाचं पाणी एकोणिसाव्या शतकातच नळाने गावात आलं. नळ म्हणजे घरोघरी तोटी नव्हे. चौकात कोंडाळं, त्याला चार-सहा तोट्या, आणि पाणी यायची ठरलेली वेळ. ‘पानी उनं व माय!’ अशी हाक गल्लीच्या तोंडाशी झाली की हंडे-कळशा धावायच्या. नगरपालिकेच्या ठरावांत ‘अमुक पेठेत कोंडाळे बसवणेबाबत’ असे अर्ज पानोपानी दिसतात. हे अर्ज नीट वाचा. कोणत्या पेठेला पहिल्या वर्षी मिळालं, कोणत्या वस्तीला वीस वर्षांनी, आणि कोणत्या वस्तीच्या अर्जावर ‘तूर्त तहकूब’ लिहिलं गेलं, यावरून गावाचा नकाशा काढता येतो. मी एका गावासाठी तो काढला. नंतर त्याच नकाशावर मराठी शाळा नंबर १, नंबर २ अशा क्रमाने टाकल्या तर दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक आल्या. जिथे नळ आधी, तिथे शाळा आधी. त्या दिवसापासून मी शाळा आणि पाणी वेगळं वाचत नाही.

याचं मोठं कारण कायद्यातही आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि त्याबरोबरच शाळा, कोर्ट, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या सर्वांना खुले करावेत, असा तो ठराव. विहीर आणि शाळा एकाच वाक्यात. ज्या नगरपालिका हे करणार नाहीत त्यांचं अनुदान रोखावं, असा पुढचा ठराव १९२६ मध्ये आला. महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, याच ठरावाच्या पाठबळावर. तुम्ही तुमच्या नगरपालिकेच्या १९२३ ते १९२७ च्या प्रोसिडिंग बुकात या ठरावावर काय झालं ते शोधा. ‘वाचून दप्तरी दाखल’ एवढंच लिहिलं असेल, तर तेही फार मोठं उत्तर आहे. तो शेरा मुलांना दाखवा आणि त्याचा अर्थ समजावून सांगा.

याच विषयावर खानदेशचं नाव इतिहासात दुसऱ्या एका घटनेने आहे. अस्पृश्य आणि आदिवासींच्या शैक्षणिक, आर्थिक, सामाजिक स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. त्या कामासाठी ते खानदेशात फिरत असताना २३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला उतरले. टांगेवाल्याने त्यांना घेऊन टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्याच माणसाने, हाकायची सवय नसताना, लगाम हातात घेतला. पुलावर टांगा अडखळला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि पाय मोडला. अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करायला आलेल्या माणसाची ही गत झाली. त्या समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. वेगळ्या शाळा चालू ठेवण्यापेक्षा सगळ्या मुलांना एका शाळेत बसवण्याकडे तिचा कल होता. चाळीसगावच्या शिक्षकांना मी नेहमी सांगतो, तो पूल मुलांना चालत नेऊन दाखवा.

पाणवठ्यावरची शिवाशिवीची रेघ गिरणीच्या आतही होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. एकाची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा, हे कारण पुढे करून दलित कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. आपल्या मिलच्या जुन्या मस्टरात, म्हणजे हजेरीपटात, कोणत्या खात्यात कोणत्या आडनावांची माणसं होती, हे पाहिलंत तर आपल्या गावाचं उत्तर मिळेल.

आता शाळेचे कागद. सगळ्यांत मोलाचा कागद जनरल रजिस्टर. तुमच्याच शाळेच्या कपाटात असेल, बहुधा सगळ्यांत खालच्या खणात. मुलाचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना: शाळा सोडण्याचं कारण. मिलगावाच्या शाळेत या शेवटच्या रकान्यात ‘मिलमध्ये लागला’, ‘कामास लागला’, ‘गैरहजर, नाव कमी’, ‘परगावी’ हे शेरे एकाखाली एक दिसतात. मी एकदा दोन दिवस बसून एका शाळेची दहा वर्षांची पानं फक्त याच रकान्यासाठी वाचली. तिसरीनंतर नावं कशी गळत जातात हे बोट ठेवून दाखवता येतं. एका पानावर सलग तीन भावांची नावं होती, तिघांचंही कारण एकच, आणि अक्षर एकाच मास्तरांचं. तिसऱ्या भावाच्या नोंदीत शाई जरा जास्त दाबलेली होती. असं मला वाटलं, पुरावा म्हणून सांगत नाही.

हा रकाना वाचताना कारखाना कायदे हाताशी ठेवा, म्हणजे तारखा बोलू लागतात. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला बंदी आली, म्हणजे सात वर्षांचा मुलगा चालत होता. १८९१ मध्ये वय नऊ झालं. १९२२ मध्ये बारा, आणि बारा ते पंधरा वयाच्या मुलांना दिवसाला सहा तासांची मर्यादा. १९३४ मध्ये ते पाच तास झाले. १९४८ च्या कायद्यात किमान वय चौदा. जन्मतारखांकडे या नजरेने पाहा. शाळेत दाखवलेलं वय आणि मिलमध्ये दाखवलेलं वय यांत दोन-दोन वर्षांचा फरक पडतो. आईबाप खोटं बोलत होते असं मुलांसमोर म्हणू नका. घरात एक पगार वाढला तर पोट भरत होतं, एवढंच सांगा. आणि याच १९४८ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने कारखान्यात कामगारांना धुण्या-स्वच्छतेची सोय देणं मालकावर बंधनकारक झालं. भिंतीच्या भोकातलं पाणी तोवर मेहरबानी होती, नंतर हक्क झाला.

सक्तीच्या शिक्षणाचा इतिहासही नगरपालिकेपासूनच सुरू होतो. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. म्हणून १९२३ नंतरचे शाळांचे कागद स्कूल बोर्डाच्या नावाने असतात. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा खेड्यांच्या शाळांचे कागद तिकडे गेले, आणि २००३ मध्ये जळगाव, धुळे महापालिका झाल्या तेव्हा आणखी एकदा गाठोडी हलली. दर वेळी गाठोडं हललं की काही कागद गळतात. एका गावात मी गेलो तेव्हा आदल्याच महिन्यात जुनी प्रोसिडिंग बुकं रद्दीत गेल्याचं शिपायाने सांगितलं. मी रद्दीवाल्याकडे धावलो. दोन मिळाली. पाठीमागची पानं पुड्या बांधायला गेली होती. आजही ते आठवलं की जीव कळवळतो. म्हणून तुम्ही पहिलं काम काय कराल, तर आहेत त्या पानांचे फोटो काढून ठेवा. वाचायचं नंतर.

अमळनेरच्या शिक्षिकेला साने गुरुजींबद्दल वेगळं सांगायला नको, पण या विषयात त्यांची एक बाजू आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या हायस्कुलात शिकवत होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या वळकट्या आवरणं, कंदिलाच्या काचा पुसणं, आणि मुलांचे कपडे धुणं ही कामं ते स्वतः करत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगून ठेवलं आहे. खेड्यातून आलेला मुलगा आईविना राहतो, त्याचं अंग-वस्त्र स्वच्छ ठेवणं हे शिक्षकाचं काम आहे, असं ते मानत. मार्गारेट मॅकमिलन यांनी बोर्डात भांडून जे केलं, ते त्यांनी हाताने केलं. आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण करण्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडले, तेव्हा मंदिरांच्या बरोबरीने विहिरी आणि पाणवठे खुले करायचं मागणं त्यांनी गावोगाव लावून धरलं. अमळनेरचं छात्रालय आणि पंढरपूरचं उपोषण या दोन गोष्टी तुमच्या मुलांनी एकत्र वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

अमळनेरचा आणखी एक गंमतीचा दुवा. १९४५ च्या डिसेंबरात तुमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तेलाच्या उरल्या-सुरल्या भागातून ती कपडे धुण्याचा साबण करायची, त्याचं नाव ‘७८७’. घाटावर आणि कोंडाळ्यावर तोवर रिठे, शिकेकाई, राख, खार माती चालायची. मग गावातच साबण तयार होऊ लागला. आजींना विचारताना ‘अंघोळ कुठे करायचात’ असं विचारलं तर त्या लाजतात आणि विषय संपतो. ‘कपडे कशाने धुवायचात, साबण कधीपासून आला’ असं विचारा. बोलता बोलता घाट येतो, घाटावरची मैत्रीण येते, कोणत्या दगडावर कोणी बसायचं ते येतं, आणि कोणाला त्या दगडाच्या खालच्या अंगाला जावं लागायचं तेही येतं. हा शेवटचा भाग विचारून मिळत नाही, ऐकून मिळतो. मध्ये बोलू नका.

कागद कुठे, ते थोडक्यात. सुरुवात १८८० च्या खानदेश गॅझेटिअरपासून करा. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो बारावा खंड आहे. नद्या, तळी, शाळा आणि गावागावांची माहिती त्यात आहे. पण तो साहेबांनी साहेबांसाठी लिहिलेला, त्यामुळे चाळीतला माणूस त्यात नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद मोठ्या प्रमाणात आहेत आणि मोडी वाचणारी माणसंही तिथे भेटतात. नगरपालिकेची एकोणिसाव्या शतकातली बरीच टिपणं मोडीत असतात, तेव्हा मोडीची अडचण येणारच. घाबरू नका, महिनाभराच्या सरावाने ठरावाची ठरीव भाषा वाचता येते. घाट, विहिरी आणि हौदांच्या जागांसाठी सिटी सर्व्हेचे जुने नकाशे आणि मालमत्ता पत्रकं बघा. ‘सरकारी विहीर’, ‘नगरपालिका कोंडाळे’, ‘शाळा’ असे शब्द तिथे जागेसकट सापडतात. मुंबईच्या पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचे खंड आहेत, पण सातवीच्या मुलांच्या कामासाठी तिथवर जायची गरज नाही. गावातलं संपलं तर पुढचं.

मुलांचे गट करताना एका गटाला शाळा आणि दुसऱ्याला पाणी असं वाटून देऊ नका. एक पेठ एका गटाला द्या, आणि त्या पेठेची शाळा, विहीर, कोंडाळं, चाळ आणि तिथून मिलच्या फाटकापर्यंतची वाट असं सगळं त्यांनाच करू द्या. भोंग्याच्या वेळा आधी माहीत करून घ्या. पहिली पाळी केव्हा सुटायची, शाळेची घंटा केव्हा व्हायची, आणि नळाला पाणी केव्हा यायचं, या तीन वेळा एका कागदावर लिहिल्या की बाई, मूल आणि हंडा दिवसाच्या कोणत्या तासाला कुठे होते ते मुलांना स्वतःच दिसेल. शाळेला उशीर का होतो याचं उत्तर मला एका शेरेबुकात सापडलं होतं. तपासणीला आलेल्या डेप्युटींनी, म्हणजे शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनी, गैरहजेरीबद्दल विचारलं आणि हेडमास्तरांनी लिहिलं होतं, की पाणी उशिरा आल्याने मुली येऊ शकल्या नाहीत.

जनरल रजिस्टरचे फोटो काढताना एक गोष्ट जपा. पान रुंद असतं, दोन पानांवर पसरलेलं, आणि मोबाइलच्या चौकटीत बसत नाही म्हणून उजवीकडची कड कापली जाते. शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना नेमका त्या कडेला आहे. उजवं पान वेगळं काढा, आणि बांधणीतली मुडप अलगद उघडून धरायला एका मुलाला शेजारी बसवा.